लॅब पाचला बंद, परम चोवीस तास

पाषाणला आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ पासून आहे. त्याच्यासमोर खुर्ची टाकून कुणी बसत नाही. ज्या संशोधकाला खातं मिळालं आहे तो आपल्या टेबलावरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या साधनाने, लॉगिन करतो, काम रांगेत लावतो आणि घरी जातो. काम रात्रभर चालतं. सकाळी घरूनच उत्तर बघता येतं.

पुण्याला यात नवं काही नाही. १९८८ मध्ये इथे सी-डॅक सुरू झालं, १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२४ ला तीन ‘परम रुद्र’ देशाला मिळाले. त्यातला एक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजे आपल्या पुण्याचा. त्या दिवशी पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला आणि लोकार्पणसुद्धा दुरूनच, व्हिडिओ कॉन्फरन्सवर झालं.

आणि याच शहरात बीएस्सी कॉम्प्युटरच्या मुलीची पोस्टग्रेसची क्वेरी अडली, तर तिला पुढच्या बॅचची वाट बघावी लागते. कारण पाच वाजले, लॅब बंद झाली.

मी पाहिलेल्या बहुतेक कॉलेजांत हेच आहे. पाच ते दुसऱ्या दिवशीचे दहा, म्हणजे सतरा तास ही यंत्रं नुसती पडून असतात. नॅकच्या अहवालात विद्यार्थी-संगणक प्रमाण लिहावं लागतं, म्हणून कॉलेजं संगणकांची संख्या अभिमानाने लिहितात. मुलांना त्यातला एक तरी संध्याकाळी मिळतो का, हा प्रश्न कॉलेजने स्वतःला विचारायला हवा.

ज्याच्या घरी चांगला लॅपटॉप आहे त्याचं काही अडत नाही. अडतं ते ‘कमवा आणि शिका’त दिवसाचे तास घालवणाऱ्या मुलाचं. अडतं ते कात्रज-नऱ्ह्याच्या पुढे राहणाऱ्या मुलीचं. तिच्या घरी एकच फोन असतो आणि पीएमपीने पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा हा फरक सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. कॉलेजं पुन्हा उघडली आणि आपण तो विसरलो. मला याचाच राग आहे.

लॅबची मशीन मुलांना घरून का वापरू देत नाही, असं एचओडींना विचारा, पहिला शब्द येतो ‘सिक्युरिटी’. काळजी खरी आहे, पण तिचं उत्तर तीस वर्षं जुनं आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवरून पासवर्ड चोरले. तिथल्याच तातू य्लोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर चोरी झाली म्हणून हे साधन जन्माला आलं, आणि आपण चोरीच्या भीतीने तेच नाकारतो!

लॅबमधला प्रत्येक विंडोज पीसी रिमोट डेस्कटॉपसाठी थेट इंटरनेटवर मोकळा सोडणं हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे. तसं कुणीही करू नये. लिनक्सचं एकच मशीन दारात ठेवा. आत जायचं ते त्यातूनच. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं खातं आणि स्वतःची की द्या, पासवर्डने लॉगिन बंद ठेवा, कोण कधी आलं याची नोंद ठेवा. लॅबच्या दारातल्या रजिस्टरपेक्षा ही नोंद जास्त चोख असते. तिथे एकजण चौघांच्या सह्या करून जातो, हे सरांनाही ठाऊक आहे. एसएसएचवरून फक्त अक्षरं ये-जा करतात, त्यामुळे रोजच्या साध्या डेटा पॅकवर, फोनवरूनसुद्धा सी, जावा, पोस्टग्रेस चालवता येतं.

दुसरा आक्षेप लायसन्सचा. काही महागडी सॉफ्टवेअर्स कॅम्पसबाहेरून वापरायला करारात मनाई असते. ती बाजूला ठेवा. पायथन, आर, सायलॅबला कुणाची परवानगी लागत नाही. सायलॅबच्या प्रसारासाठी आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प कित्येक वर्षं राबतो आहे. सीओईपी ज्यात सहभागी आहे त्या केंद्राच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ही घरबसल्या वापरता येतात. त्या जरूर वापराव्यात. पण सिम्युलेशनमध्ये प्रयोग आधीच कुणीतरी रचलेला असतो. स्वतःचा प्रोग्राम खऱ्या सर्व्हरवर कोसळताना बघणं आणि तो परत उभा करणं, हे शिकायला खरं मशीनच लागतं.

तिसरा आक्षेप, ‘मुलं दुसऱ्याकडून करून घेतील.’ जर्नल आजही एकमेकांचंच बघून लिहिलं जातं. तोंडी परीक्षेत दोन नेमके प्रश्न विचारा, कुणी केलं ते लगेच कळतं.

खरी अडचण माणसांची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. गुरुवारी वीज गेली, सर्व्हर बंद पडला, तर तो उठवायचा कुणी? लॅब असिस्टंटने रात्री घरून? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने, ज्याला या कामाचा एक रुपया मिळणार नाही? संस्थेने या कामासाठी माणूस नेमावा आणि त्याला नीट पगार द्यावा. नव्या एसी लॅबच्या उद्घाटनाला पैसे निघतात, तर यालाही निघतील.

सुरुवातीला दहा मशीन पुरेत. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाईने खाती वाटून मात्र काही साधणार नाही. सत्राच्या पहिल्या बॅचलाच, रोल नंबरसोबत, प्रत्येकाच्या हातात लॉगिन पडलं पाहिजे.