हे कुठी जाते?

वरठीत वीज नाही असं म्हणायची सोयच नाही. गावाला चिकटून मुंबई–हावडा रेल्वेमार्ग गेलेला आहे आणि त्याच्या वरच्या तारेत 25,000 व्होल्ट खेळत असतात. पलीकडं सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. तिथं पोलाद वितळतं म्हणजे विजेचा अगदीच दुष्काळ नसणार. तरी आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी ढग नुसते गुरगुरले की आमच्या गल्लीतले दिवे मान टाकतात. आम्ही छपरीत अंधारात बसतो आणि समोरून एखादी एक्स्प्रेस लखलखत निघून जाते. स्टेशनाचं नाव भंडारा रोड, गाव वरठी, आणि भंडारा तिथून दहा-बारा किलोमीटर. गाडीतून उतरलेला पाहुणा एवढं ऐकूनच खचलेला असतो. त्याला आणखी अंधारात बसवणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही जनरेटर घेतलं, असं मी चारचौघांत सांगतो.

खरं कारण लोड शेडिंग. 2005च्या आगेमागे महाराष्ट्रातल्या गावांत वीज येण्याचंच वेळापत्रक पाठ करावं लागे. इन्व्हर्टर घेतलेल्यांची आणखी पंचाईत, कारण त्याची बॅटरी भरायलाही वीज लागते आणि ती यायची बॅटरी अर्धी भरेपर्यंत. त्या काळात ज्याच्या अंगणात दोरी ओढायचं जनरेटर, त्याच्याकडं गावातले मोबाइल चार्जिंगला यायचे आणि मोबाइलमागून माणसं चहाला.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, दोन गल्ल्या सोडून राहतात. जनरेटर या विषयातले आमच्या घराण्याचे जाणकार तेच, कारण त्यांच्याकडं माझ्याही आधी एक होतं. ते रॉकेलवालं. सुरू पेट्रोलवर करायचं, गरम झालं की खटका फिरवून रॉकेलवर घ्यायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. पहिल्या दोन गोष्टी सगळे करत. तिसरी कोणीच करत नसे, कारण लाइन आली रे आली की पोरं ओरडत आणि कोणीतरी धावत जाऊन खटका पाडत असे. रॉकेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही. थंड इंजिनात न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या कडेनं झिरपत खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं आणि पातळी चढते. मामाजींनी एकदा काडी काढून मला दाखवली. ऑईल खुणेच्या वर आलेलं. चेहऱ्यावर समाधान.

"पाहा जवाई, लोकाइचं ऑईल कमी होते. आपलं वाढते!"

जावयानं सासऱ्याच्या संपत्तीत झालेल्या वाढीवर शंका घ्यायची नसते. पुढच्या उन्हाळ्यात त्या इंजिनाच्या पोटातून एक खणखणीत आवाज आला आणि ते कायमचं गप्प झालं. मामाजींच्या मते त्यावर वीज पडली होती. मे महिन्यात, निरभ्र आकाशातून.

या यंत्राची खरी गोम अशी की ते चालू असताना ऑईल तपासता येत नाही, आणि बंद असताना त्याची कुणाला आठवण येत नाही. पेट्रोलचं तसं नाही. पेट्रोल संपलं की अंधार होतो आणि घरातला प्रत्येक माणूस पेट्रोलतज्ज्ञ होतो. ऑईल संपत आलं तरी टीव्हीवरची मालिका चालूच असते, पंखा फिरत असतो. आणि चालू जनरेटर मध्येच बंद करून "मी जरा ऑईल बघतो" म्हणणाऱ्या माणसाचं त्या घरात काय होईल, हे सांगायला नको.

तपासायचं म्हणाल तर काम दोन मिनिटांचं. जनरेटर सपाट जागी हवं. बंद करून थोडा वेळ थांबायचं, म्हणजे वर उडालेलं ऑईल खाली उतरतं. मग ऑईलचं झाकण फिरवून काढायचं. त्यालाच आतून काडी असते. ती फडक्यानं पुसायची, परत बुडवायची, बाहेर काढून बघायची. यात पहिला अडथळा फडक्याचा. आमच्याकडं कुठलंही फडकं हातात घेतलं की आतून आवाज येतो, "ते पोळ्याचं आहे." दुसरा अडथळा तात्त्विक. काडी परत घालताना झाकणाचे आटे आवळायचे की नुसती टेकवायची? आवळली तर काडी खोल जाते आणि ऑईल जास्त दिसतं. टेकवली तर कमी. होंडाच्या जीएक्स जातीच्या इंजिनांना नुसती टेकवून बघतात, काही दुसऱ्या इंजिनांना आवळून. म्हणजे उत्तर आपापल्या पुस्तकात असतं, आणि पुस्तक बायकोनं एलआयसीच्या कागदांबरोबर गोदरेजच्या कपाटात ठेवलेलं असतं, कारण दोन्ही मेल्यावरच लागतात अशी तिची समजूत आहे.

पुस्तक एकदा मिळालं तेव्हा मी ते सबंध वाचलं. त्यात हवामानाप्रमाणं कुठलं ऑईल घालावं याचा तक्ता आहे. डावीकडं उणे 20 अंश, उजवीकडं 40. आमचा मे महिना त्या तक्त्यात मावत नाही. तो उजवीकडच्या समासात, आपण पान धरतो त्या अंगठ्याखाली येतो.

त्याच पुस्तकात ऑईल बदलायचा हिशेब होता. अशा लहान इंजिनांना नव्याचं पहिलं ऑईल 20 तासांनी किंवा महिन्याभरात, पुढं दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. मी मामाजींसमोर हे मोठ्यानं वाचलं. ते सुपारी कातरत होते.

"मोटारसायकलचं ऑईल कधी बदलता?" त्यांनी विचारलं.

"अडीच-तीन हजार किलोमीटरला."

"बरं. अन् हे कुठी जाते?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. जनरेटर खरोखरच कुठं जात नाही. आणलं त्या दिवसापासून ते छपरीच्या बाहेर, पेरूच्या झाडाखाली आहे. घराच्या आत किंवा खिडकीखाली ठेवायचं नाही, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, एवढं मात्र सगळ्यांनी मानलेलं आहे.

मी कागद घेतला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ती जमवायला हे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं. तासाला 1 लाख 80 हजार. शंभर तासांत 1 कोटी 80 लाख. त्याच्या पोटात ऑईलचा पंप नसतो, फिल्टर नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक छोटी पळी असते, ती दर फेऱ्याला खालच्या ऑईलमध्ये बुडते आणि वर शिंतोडे उडवते, सेकंदाला पन्नासदा. पातळी बोटभर खाली गेली की पळी हवेतच फिरते. हेच शंभर तास मोटारसायकल ताशी 40नं चालवली तर 4000 किलोमीटर होतात, म्हणजे भंडाऱ्याला जाऊन-येऊन पावणेदोनशे-दोनशे खेपा.

मामाजींनी आकडे लक्षपूर्वक ऐकले. मग मी हुकमी पत्ता काढला. "तुम्ही बंडीला ओंगण दिल्याशिवाय कधी धानाच्या बांधीत नेली का?"

"नाही बा! आख जळून जाईन ना."

"मग?"

"बंडी चालते, जवाई. हे कुठी जाते?"

वाद संपला. पुढच्या खेपेला मी विचारलंच नाही, फक्त बायकोला कालनिर्णयवर तास लिहायला सांगितले. आता त्या चौकोनांत दूध, गॅस सिलिंडर, भाचीचा वाढदिवस आणि "ज. २॥" असं एकाखाली एक असतं. महिन्याच्या शेवटी बेरीज करताना गॅस आणि जनरेटर एकमेकांत मिसळतात, पण काहीच न लिहिण्यापेक्षा हे बरं.

दिवाळीनंतर आमच्या भागात मंडईचे दिवस येतात. धान कापून झालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, आणि गावोगाव दंडार नाहीतर नाटक. झाडीपट्टीतलं नाटक रात्री सुरू होतं आणि पाहणाऱ्याला पहाटेच घरी पाठवतं. मोठ्या कंपन्यांचा सरंजाम वेगळा. त्यांच्याकडं ट्रॉलीवरचं डिझेल जनरेटर असतं. पण जवळच्या एका गावच्या हौशी मंडळींनी माझं मागून नेलं, "फक्त माइक आणि चार लाइटांसाठी". देताना मी काडी बघूनच दिलं. ऑईल वरच्या खुणेला टेकलेलं होतं.

त्याच्या आवाजात संवाद बुडू नयेत म्हणून त्यांनी ते मंडपापासून लांब, बांधीच्या धुऱ्यावर नेऊन ठेवलं. धुरा म्हणजे दोन्हीकडून उतार. दुसऱ्या अंकात नायकानं पिस्तूल रोखलं, ऑर्गनवाल्यानं सूर चढवला, आणि गुप्प अंधार. माइकही गेला. त्या शांततेत खलनायकाचा साधा, खासगी आवाज सगळ्या मंडपानं ऐकला, "मार ना बे लवकर, पाय दुखून रायले."

ऑर्गनवाला मात्र थांबला नाही. वीज गेल्यानं त्याचं काही बिघडत नव्हतं.

मी धुऱ्यावर पोचलो तोवर तिथं वैद्यांची सभा भरली होती. एकाच्या मते प्लग ओला, दुसऱ्याच्या मते कार्बोरेटरमध्ये कचरा. तिसऱ्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत वाकून पाहिलं, आणि त्याच्या ओठात बिडी होती. ती बिडी विझेपर्यंत मी दुसरं काहीच बोललो नाही. दोरी ओढणारे आळीपाळीनं ओढत होते. इंजिन नुसतं सुस्कारा टाकून थांबत होतं.

अशा जनरेटरला ऑईल कमी झालं की आपोआप बंद पाडणारी सोय असते. पोटात एक तरंगता खटका असतो. ऑईल खाली गेलं की तो इंजिनाची ठिणगीच तोडतो, मग कितीही ओढा. पण त्या खटक्याला ऑईल कमी झालं की जनरेटर कलंडलं हे कळत नाही. धुऱ्यावर एक बाजू वितभर खाली होती, ऑईल तिकडं गोळा झालेलं, खटका कोरडा. काडी लावली तर तळालाही थेंब नाही. जमलेल्यांनी माझ्याकडं पाहिलं. भरलेलं जनरेटर दिलं म्हणणारा माणूस हाच का, असा तो पाहण्याचा अर्थ.

"दोन विटा आना जी," मी म्हणालो.

विटा मिळाल्या. खालची बाजू उचलून सपाट केली, थोडं थांबलो, काडी लावली; ऑईल परत वरच्या खुणेला. दरम्यान प्लगवाल्यानं प्लग काढून, तोंडानं फुंकून, पँटला घासून परत बसवला होता. दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू. सगळ्यांनी प्लगवाल्याची पाठ थोपटली आणि त्याला नाटकाच्या मध्यंतरात स्टेजवर बोलावून नारळ दिला. पिस्तूल सुटलं, खलनायक मनापासून मेला.

त्या रात्रीचे तास कालनिर्णयवर चढले आणि बेरीज शंभराच्या पुढं गेली. रविवारी ऑईल बदलायला काढलं. आधी पाचेक मिनिटं इंजिन चालवून घेतलं. गरम ऑईल पटकन उतरतं आणि तळाचा गाळ घेऊन येतं. जुनं घमेलं खाली सरकवलं, नरसाळं पुसून ठेवलं, खालचा नट सोडला. काळंकुट्ट ऑईल आधी धारेनं, मग तारेनं, मग थेंबथेंब. बोटाच्या चिमटीत घेऊन पाहिलं. पेट्रोलचा वास नाही, खरखर नाही, दुधट झाक नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. नटाखालचं वायसर मातीत पडून नाहीसं होतं, हा जगभरचा नियम असावा. पण या वेळी ते मी आधीच पुसून खिशात टाकलं होतं. नवं सोनेरी ऑईल 600 मिलीच्या आसपास जातं. काठोकाठ ओतण्याचा मोह आवरायचा, नाहीतर निळा धूर निघतो आणि शेजारी कडुलिंब जाळला की काय म्हणून चौकशीला येतात.

जुनं ऑईल उघड्या गटारात किंवा बांधीत ओतायचं नाही, म्हणून मी ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडं न्यायला ठेवलं होतं. त्याआधीच बातमी फुटली. पहिला आला सेंट्रिंगवाला. पाट्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून त्याला जळालेलं ऑईल हवं होतं. मग गल्लीतला एकजण, त्याच्या फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरत होत्या. एका वहिनींनी चौकटीला वाळवी लागल्याचं सांगून वाटी पुढं केली. मागं एकदा ऑईल बघायला मी जनरेटर मध्येच बंद केलं म्हणून ज्या माणसानं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता, तोही बाटली घेऊन आला. डब्यात होतं अर्ध्या लिटरच्या थोडं वर.

शेवटी मामाजी आले. त्यांच्या हातात पाच लिटरची डबकी होती.

"कोठ्याचे मयाल वाळवीनं खाल्ले ना जी," ते म्हणाले. मी डबा तिरका करून तळाचं निथळून दिलं. त्यांनी डबकी हलवून पाहिली. आत काही वाजलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच मावतं त्यात, मामाजी."

त्यांनी पेरूच्या झाडाखालच्या जनरेटरकडं, मग कालनिर्णयकडं पाहिलं.

"शंभर तास लय होतात, जवाई," ते म्हणाले. "पन्नासालाच बदलत जा."