२४० तास आणि कांदा

मी राष्ट्रीय सेवा योजनेत गेलो तो समाजाच्या ओढीनं नव्हे, दहा गुणांच्या. शेवटच्या वर्षी गणितानं दगा दिला तर हे गुण हात देतात, असं वरच्या वर्गातल्या एका अनुभवी मुलानं सांगितलं होतं. तो स्वतः हात मिळूनही बुडाला होता, पण सल्ला देताना त्यानं कधी हात आखडता घेतला नाही.

योजना तशी थोर. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेली. छातीवरच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, स्वयंसेवक अष्टौप्रहर तयार. आमची तयारी चहाच्या प्रहरापुरती. दोन वर्षांत २४० तास भरायचे असत, आणि तास करण्यापेक्षा भरलेच जास्त जात. वहीत ‘हुंडाबंदी पथनाट्य : सराव, तीन तास’ अशी नोंद असे. त्यातले अडीच तास कँटीनमध्ये, सासू कोण होणार या वादात.

शिबिराचे सात दिवस मात्र खोटे भरता येत नव्हते. डिसेंबरात सिन्नर तालुक्यातल्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. पहाटे प्रभातफेरी. गाव केव्हाच उठून मळ्यात गेलेलं असायचं. आम्ही कुलपं लावलेल्या घरांना ‘जागे व्हा’ सांगत फिरायचो. मग ओढ्यावर वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधेमोड करत गोण्या रचायच्या. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहानं गोण्या गळ्यापर्यंत भरल्या. रचल्या की त्या गडगडत खाली. काठावर शेळ्या घेऊन बसलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “पोरांनो, तट्ट जेवलेला माणूस कधी नीट आडवा होतो का? थोडी रिकामी ठिवा, म्हंजी बसंल.”

बंधारा तिच्या हिशेबानं उभा राहिला. वहीत तास आमचे लागले.

पुढं एमएससाठी जर्मनीत आखेनला गेलो. तिथला रविवार फार मोठा असतो. दुकानं बंद, रिकामी काचेची बाटली कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायचीही सोय नाही, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. एवढ्या शांततेत माणूस आईला फोन करतो, तोही हळू आवाजात. माझं जर्मन ‘दूध कुठे आहे’च्या पुढं सरकत नव्हतं. कुणीतरी सुचवलं, टाफेलला जा, बोलायला माणसं मिळतील. म्हणजे इथंही निघालो तो स्वार्थानंच.

टाफेल म्हणजे शाळेतला फळा, आणि मांडलेलं जेवणाचं टेबलही. दुकानांत उरलेलं पण खाण्याजोगं अन्न गोळा करून गरजूंना देणाऱ्या या संस्था. पहिली १९९३ साली बर्लिनमध्ये निघाली, आता देशभर ९०० हून जास्त आहेत. काम करणाऱ्यांत निवृत्त मंडळीच अधिक. मला एका सत्तरीतल्या बाईंच्या हाताखाली दिलं. जाळीच्या पिशवीत एक कांदा सडला की दुकान पिशवी काढून टाकतं. आपण ती फोडायची, चांगले वेगळे करायचे.

मी निफाडचा. अख्खं बालपण कांद्याच्या चाळीत गेलेलं. काजळी धरलेला, कोंब फुटलेला, वरून टणक पण मानेत मऊ पडलेला, हे मला डोळे मिटून कळतं. नुसत्या वासावरून चाळीतला नासका कांदा हुडकणारा माणूस त्या बाईंनी पाहिला नसावा. तासाभरात त्यांनी बाकीच्यांना बोलावून मला दाखवलं. भाषेत मी दुसऱ्या पायरीवर चाचपडत होतो, पण कांद्यात माझी पीएचडी झालेली होती. लहान कांदे बाजूला काढून मी त्यांना ‘गोल्टी’ हा शब्दही शिकवला. तो त्या जर्मन ‘र’ लावून काहीतरी भलताच म्हणत.

महिन्याभरानं सवयीनं विचारलं, तास कुठं लिहायचे? सही कोण करणार? “कशाला?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. पंगतीत वाढणाऱ्या पोरानं मजुरी मागावी तसं मला झालं. मान खाली घालून पुढची पिशवी फोडली. त्यानंतर दीड वर्ष शनिवारी जात राहिलो, आणि किती तास झाले ते आजही सांगता येणार नाही.

घरी फोनवर हे कौतुकानं सांगितलं तेव्हा दादांनी आधी विचारलं ते हेच: “तिकडं कांदा काय भावानं जातो?”

म्हटलं, “इथं भाव नाही, दादा. एक-दोन युरोत भाजीची अख्खी पिशवी देतात. फुकटच म्हणा.”

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखंच.”