पालकसभा: शनिवार, सकाळी दहा

गंगापूर रोडवरच्या एका शाळेची पालकसभा. (नाव कशाला? पोरगं अजून तिथंच शिकतंय.) मॅडम गुणपत्रिका पुढं सरकवतात, "हुशार आहे, पण मस्ती करतो," म्हणतात. हेच वाक्य मागच्यालाही, त्याच्या मागच्यालाही. सही करा, निघा. बाहेर गणवेशाचा स्टॉल मात्र अगदी निवांत बोलतो.

चांगला शिक्षक कोणता, यावर बहुतेक पालकांचं एकमत आहे: रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देणारा. आमचे गणिताचे सर देत नाहीत. पण सभेत गुणपत्रिका न उघडताच म्हणाले, "भागाकारात बाकी लिहायला विसरतो. आणि पोळीभाजी शेजारच्याला देऊन त्याची मॅगी खातो." घरात आम्हाला दोन्ही ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुढची रांग सगळ्यात लांब, सरकते सगळ्यात हळू. शाळा आता त्यांना म्हणे वेळेचं नियोजन शिकवणार आहे.

फीवाढीचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पालक-शिक्षक संघानं मंजूर केलीय." महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं या संघाच्या कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. आमच्याकडं चिठ्ठ्या कधी पडतात, देव जाणे. नावं दरवर्षी तीच निघतात. एवढं नशीब लॉटरीच्या दुकानातही बघितलं नाही.

पुढच्या सभेत "मस्ती करतो का?" राहू द्या. चिठ्ठ्यांचा डबा कुठं ठेवलाय, ते विचारा.