डोंगरातल्यांनी कोकण कसं करावं

ही मार्गदर्शिका फक्त तिकोणा पेठ आणि आसपासच्या पवन मावळातल्या कुटुंबांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला सहल शिकवावी लागत नाही. तो शनिवारी सकाळी गाडीतून उतरतो, साडेतीन हजार फुटांच्या तिकोन्याकडे मान वर करून बघतो, "वर खायला काय मिळतं?" असं विचारतो आणि झाला पर्यटक. आपलं तसं नाही. आपण कायम समोरच्या बाजूला. पिठलं-भाकरीची ऑर्डर घेणारे आपण, आणि घामाघूम माणसाला "हे काय, आलंच की" म्हणून वर पाठवणारेही आपणच. वसंतात चार दिवस समुद्राकाठी हिंडायचं, तर आधी ही बाजू सोडावी लागते, आणि ते पेट्रोल भरण्याहून अवघड आहे.

सुरुवात भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढून करा. मोबाइलवर तारीख ठरवणारे पुढे रडतात. समुद्राकाठी जायचं म्हणजे मासे खायचे, हे गृहीत आहे. आता सोमवार खोडा, महादेवाचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी आणि संकष्टीही खोडा. आबा माळकरी असतील तर त्यांना रोजच एकादशी, त्यांना हिशोबात धरू नका. शाळेच्या परीक्षा, मामाकडची हळद आणि गावची जत्रा वजा करा. चैत्र शुद्ध सप्तमी-अष्टमीही टाळा, कारण तेव्हा कार्ल्याला एकवीरेची यात्रा असते. किनाऱ्यावरचे कोळी-आगरी पालख्या घेऊन घाट चढून आपल्याकडे आलेले असतात. कोकणच वर आलेलं असताना आपण खाली जाऊन कोणाला भेटणार? एवढं सगळं खोडून जो एखादा शुक्रवार-रविवार उरेल, तो घट्ट धरा. त्याच दिवशी दादा म्हणतील, "राब भाजायचे राह्यलेत." हे दरवर्षी म्हटलं जातं. ऐकून घ्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

दुसरं काम माणसं ठरवण्याचं. कोण जाणार, हे नंतर बघा. घरी कोण राहणार, ते आधी ठरवा. दोन म्हशींची धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते आणि म्हशींना वसंत ऋतूचं काही देणंघेणं नसतं. राहणाऱ्या माणसाला सुकट आणि आंब्याची पेटी कबूल करा. कबूल केलेलं सगळ्यांसमोर बोला, नाहीतर ऐन पहाटे त्याची कंबर धरते.

गाडी सात सीटची असते. माणसं अकरा असतात. लहान पोरं माणसात धरायची नाहीत, असा आपल्याकडे नियम आहे, पोलिसांकडे तो नाही. दोन गाड्या करा. खर्च वाढतो, पण भांडणं निम्म्यावर येतात. पुढच्या सीटसाठी मात्र कायदा हवा. "ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसावं" असं एकदा बोललात की ज्यांना जन्मात गाडी लागली नाही, अशा चार जणी पदर तोंडाला लावून उभ्या राहतात. ताम्हिणीच्या वळणांवर खरं-खोटं आपोआप बाहेर पडतं. लिंबू, आवळा सुपारी आणि रिकाम्या पिशव्या मागच्या सीटवर ठेवा. उलटी डिकीपर्यंत थांबत नाही.

रस्ता सोपा आहे. हडशी, कोळवण, पौड, मग मुळशीच्या कडेकडेने ताम्हिणी उतरून माणगाव. मुळशीचं पाणी दिसलं की शहरातल्या गाड्या फोटोला थांबतात. आपण थांबायचं नाही. पवनेच्या काठावर वाढलेल्या पोरांना धरण दाखवायला डिझेल जाळणं हा गुन्हा आहे. थांबायचंच असेल तर घाटात थांबा. फाल्गुन-चैत्रात सगळं रान वाळून काटकुळं झालेलं असतं आणि त्यातच पळस, पांगारा, काटेसावर पेटल्यासारखे फुललेले असतात. झाडाला पान एक नाही आणि फूल मात्र तळहाताएवढं, हे बघून आत्याही दोन मिनिटं गप्प बसते.

माणगावला मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला, तेव्हा जन्मलेली पोरं आज दहावीच्या उंबरठ्यावर आली आहेत. इथल्या कोंडीत घरून आणलेल्या भाकऱ्या आणि ठेचा संपवून टाका. पुढे म्हसळा आणि मग श्रीवर्धन. हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. सुपारीसाठीही प्रसिद्ध. पोरांना इतिहास सांगायचा असेल तर किनारा दिसण्याआधी सांगून घ्या. एकदा पाणी दिसलं की पेशवाई बुडालीच म्हणून समजा. आबा पाण्याकडे बराच वेळ बघतील आणि विचारतील, "एवढं पाणी असून पिंपरी-चिंचवडवाल्यांनी हितं नळी न्हाई लावली?" उत्तर देऊ नका.

आता जे सांगतो, ते मात्र चेष्टेवारी नेऊ नका. समुद्राचं वेळापत्रक तिथीवर चालतं आणि त्याचा गुणाकार कोकणातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतो. पक्षातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ, थोडी मागेपुढे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आगेमागे, आणि त्या दिवशी उधाण. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हे हरिहरेश्वरला लागतं. काळभैरव आणि हरिहरेश्वराचं दर्शन झालं की प्रदक्षिणेची वाट डोंगरातून दोन कड्यांमधल्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते. लाटांनी ते खडक मधाच्या पोळ्यासारखे कोरून काढलेत. ओहोटीला ही वाट म्हणजे नुसतं नवल. भरतीला तिथे वाट राहतच नाही. लाट खडकावर चढते आणि माणूस ओढून नेते, अशा बातम्या अधूनमधून येतात.

इथे आपल्या रक्तातला एक दोष उफाळतो. आम्ही डोंगरातली माणसं, तिकोन्याच्या उभ्या पायऱ्या डोक्यावर पाण्याची कॅन घेऊन चढणारी, आम्हाला खडकाचं काय सांगता! नेमकं हेच वाक्य उलट्या बाजूने आपण दर पावसाळ्यात ऐकतो. पोहायला येतं म्हणून पवनेत उतरणारा तरुण आपल्याला काठावरून कसा दिसतो, ते आठवा. हरिहरेश्वरचा फुलवाला "आता नका जाऊ" म्हणाला की परत फिरा. त्याचं ते "नका" आणि आपलं "हे काय, आलंच" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुक्काम हरिहरेश्वरला किंवा श्रीवर्धनला. दुसऱ्या दिवशी बागमांडला. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. गाड्या बोटीत घालून पलीकडे वेसवीला न्यायच्या, तिला सगळे जंगलजेट्टी म्हणतात. नाहीतर आंबेत-म्हाप्रळकडून मोठा वळसा. माझं स्पष्ट मत असं आहे की अख्ख्या सहलीतले पैसे वसूल होतात ते इथेच. गाडी लोखंडी पत्र्यावर धाडकन चढते, ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसून गाडी न चालवता तो पुढे जातो. काकू खाली उतरायला तयार नसते. गाडीत बसून राहिलं तर बुडणार नाही, असा तिचा हिशोब असतो. तिला हाताला धरून कठड्यापाशी आणा. बाणकोटची खाडी, पाण्याचा खारट वारा, शेजारी मोटारसायकलवर दोन पाटी कोंबड्या घेऊन निघालेला माणूस, आणि एवढं सगळं उरकायला जेमतेम काही मिनिटं.

पलीकडे वेळास. नाना फडणविसांचं मूळ गाव, पण हल्ली ओळख कासवांची. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण इथल्या वाळूत अंडी घालते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरू केलेल्या कामातून गावकरी ती राखतात, आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पिल्लं समुद्रात सोडतात, पहाटे किंवा संध्याकाळी. लोकांच्या घरातच उतरायची सोय असते. आणि इथेच आपली खरी परीक्षा होते, कारण यजमान हुबेहूब आपल्यासारखा असतो. तुम्ही विचारता, "पिल्लं दिसतील का हो उद्या?" तो पानाला चुना लावत म्हणतो, "दिसायला हवीत." तुम्ही विचारता, किनारा किती लांब? तो म्हणतो, "हे काय, इथंच." मग बांबूच्या साकवावरून, सुरूच्या बनातून, अंधारात चालत राहा. वहिनी कुजबुजते, "आपन लोकांना आसंच सांगतो व्हय?" होय, असंच सांगतो.

पिल्लू दिसलंच तर दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, उचलायचं नाही. नाही दिसलं तर यजमानाशी भांडायचं नाही. धुक्यात गडावरून तुंग-लोहगड दिसला नाही म्हणून आपल्याशी भांडणारे आठवा. जेवणाच्या ताटाचा भाव पाडायचा मोह होईल, तोही गिळा. ताटामागे किती लाकूड, तेल आणि झोप जाते, हे महाराष्ट्रात आपल्याएवढं कोणाला ठाऊक?

पुढचा बेत कागदावर भरपूर लिहा. गुहागर, गणपतीपुळे, मालवण, गोवा. लिहायला पैसे पडत नाहीत. प्रत्यक्षात आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती बघायचा, संध्याकाळी हर्णैच्या बंदरात माशांचा लिलाव बघायचा आणि दापोलीहून मागे वळायचं. लिलावात टोपल्यांच्या हिशोबात बोली चालते. आत्याला पाव किलो कोळंबी हवी असते. तिने मध्ये बोलू नये, म्हणून तिच्या दंडाला धरून ठेवणारा माणूस आधीच नेमा. शिमग्याच्या दिवसांत गेलात तर पोरं रस्त्यात आडवी होऊन पोस्त मागतात. सुटे पैसे काढून ठेवा आणि हसून द्या. पालखी आडवी आली तर गाडी बंद करून खाली उतरा. हॉर्न वाजवणारा तो शहरातला, आपण नव्हे.

खरेदीत आंबा जपून घ्या. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण महामार्गावरच्या पेटीने ते वाचलेलं नसतं. वरचा थर देवगडचा आणि खालचा कर्नाटकचा, हे सर्रास चालतं. बागेत जाऊन घ्या आणि गवत उपसून तळाचा आंबा बघा. सुकट आणि बोंबील तीन पिशव्यांत बांधून दुसऱ्या गाडीत टाका, आबांच्या गाडीत नको. त्यांना वास आलाच तर "समुद्राचा आहे" म्हणा.

खर्चाचा हिशोब घरी पोचल्यावर लगेच मांडू नका. बोटीचं तिकीट कोणी काढलं, पोस्त कोणाच्या खिशातून गेलं, आत्याच्या कोळंबीचे पैसे सामाईक की खासगी, हे तीन मुद्दे अडून बसतात. दोन-चार रात्री झोपा काढा, मग बसा. म्हशी सांभाळणाऱ्याची पेटी मात्र त्याच रात्री द्या, सकाळच्या धारेआधी.