अमेरिका किती तासांवर?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. हा आकडा ऐकून कुणी ‘बापरे’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘बापरे’ येतं ते ‘पंधरा-सोळा तास’ ऐकल्यावर, आणि पाठोपाठ प्रश्न : ‘मग पाय कुठे पसरायचे हो?’

शेजारच्या काकूंचा हिशेब निराळा. उन्हाळ्यात लेकीकडे निघाल्या. विमान रात्री एकला सुटलं, उतरल्या तेव्हा तिथे सकाळचे सात, आणि तारीखही तीच. ‘सहा तासांत पोचले की! कोल्हापूरला जायला याहून जास्त लागतात,’ असं त्यांनी फोनवर जाहीर केलं. मधला साडेनऊ तासांचा फरक त्यांनी परस्पर खिशात घातला होता. परतताना तो वसूल झाला. प्रवास चौदा तासांचा, घड्याळात मात्र जवळजवळ चोवीस. तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे, की अमेरिका जवळ आहे, भारतच लांब पडतो.

एरवीही जाण्यायेण्याला सारखा वेळ लागत नाही. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते विमानाला आडवे येतात, येताना पाठीवर घेतात. त्यात तास-दीड तास सहज वाचतो.

वाटेचीही गंमतच. न्यूयॉर्क पश्चिमेला, म्हणून विमानाने अरबी समुद्र ओलांडून नाकासमोर जावं, अशी आपली समजूत. पण मोसंब्यावर दोन टिकल्या लावून त्यांच्यामध्ये दोरा ताणून पाहा, तो वरच्या अंगाने सरकतो. मुंबई-न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा मार्ग असाच ६५ अंश उत्तरेच्या आसपास, ध्रुववृत्ताच्या थोडा खालून जातो. प्रत्यक्षात वारे, युद्धं आणि बंद हद्दी बघून तो आणखी वाकवावा लागतो. समोरच्या पडद्यावर ही कमान पाहून शेजारचे गृहस्थ अस्वस्थ होतात. ‘हा रशियाकडे कुठे निघालाय?’ रिक्षावाल्याला टोकायची सवय इतक्या उंचीवरही सुटत नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. वेळ पुष्कळ गेला असेल, पण पायांचा प्रश्न निदान दोनदा सुटला.

पुणेकराचं गणित या सगळ्याहून अवघड. रात्री एकच्या विमानासाठी तो दुपारी तीनलाच गाडीत बसतो. घाटात ट्रक बंद पडलेला असणारच, हे गृहीत. शिवाय विमानतळावर तीन तास आधी हजर. तरी लोणावळ्याला वडापावसाठी थांबायचं की नाही, यावर गाडीत दोन तट पडतात. वडील ‘नको’ म्हणतात, आई पर्समधून सुटे पैसे काढते, आणि ड्रायव्हर कुणालाही न विचारता गाडी कडेला घेतो.