गळती कशी सांभाळावी : पाठ पहिला

साहित्य : पुण्याच्या पेठेतला एक जुना वाडा, त्याच्या भिंतीला भिंत लावून दुसरा, आणि त्या दुसऱ्याला कुलूप. कुलूप गंजलेले असल्यास उत्तम. पाण्याची सोय करावी लागत नाही.

अभ्यासाला मृगात, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास बसावे. पहिल्या सरीत थेंबही गळत नाही. अशा वेळी ‘यंदा काही त्रास नाही हो’ असे मोठ्याने म्हणू नये; छपराला ऐकू जाते. पुनर्वसूचा तरणा पाऊस धो धो कोसळून निघून जातो, त्याला भिऊ नये. खरी परीक्षा पुष्याचा म्हातारा घेतो. तो येतो, टेकतो आणि चहा झाला तरी उठत नाही.

आता भांडी. नवशिके पितळी पातेले मांडतात आणि रात्रभर जागतात. पातेल्याच्या तळाशी जुने फडके घालावे, आवाज मरतो. त्याहून बरे म्हणजे जिथून ठिपकते तिथे खिळ्याला सुतळी बांधून तिचे टोक बादलीत सोडावे. पाणी सुतळीवरून मुकाट्याने उतरते. एवढे जमले तरी पाठाचे पैसे वसूल.

यानंतर बहुतेक लोक ठिपक्याच्या बरोबर वरचे कौल बदलतात. बदलावे, कौले शाकारणाऱ्यालाही संसार आहे. पाणी मात्र शिरते एकीकडे, वाशावरून चालत जाते आणि आपल्या अंथरुणावर उतरते. त्याचा माग काढायचा तर मे महिन्यात एकाला वर चढवावे, त्याने जागा बदलत बादल्या ओताव्यात, आपण खाली मान वर करून उभे राहावे. माग बहुधा दोन छपरांमधल्या पन्हळीशी जाऊन थांबतो. तिच्यात कित्येक वर्षांची पाने, कबुतरांची घरटी, आळीतल्या मुलांचे हरवलेले चेंडू, आणि या सगळ्या खतावर पोसलेला पिंपळ. पन्हळ तुंबली की पाणी उलटे कौलांखाली चढते आणि भिंतीत मुरते. भिंत पांढऱ्या मातीची. चहात बुडवलेले बिस्किट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको.

पिंपळ काढा म्हटले की गवंडी कोयता खाली ठेवतो. पिंपळावर मुंजा असतो. शिवाय १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरातले झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि झाडाची मुळे शेजारच्या हद्दीत. दोघांपैकी मुंजा नारळावर ऐकतो.

मालक शोधण्यासाठी सिटी सर्व्हेच्या कचेरीतून प्रॉपर्टी कार्ड काढावे. त्यावर ज्यांचे नाव असते ते गृहस्थ कधीच वारलेले असतात. मागे अकरा वारस. चौघे एकमेकांशी बोलत नाहीत, तिघे परदेशात, एक ‘तुम्हीच बघा, मी मध्ये पडत नाही’ म्हणणारे, उरलेल्यांचा कोर्टात दावा. पाणी कोणालाही न विचारता हद्द ओलांडते. आपल्याला पन्हळीत हात घालायला अकरा सह्या लागतात.

महानगरपालिका अधिनियमात कलम २६४ आहे. पडायला आलेली इमारत उतरवा किंवा दुरुस्त करा, अशी नोटीस आयुक्तांना त्याखाली काढता येते. तक्रार जरूर करावी. मात्र त्याआधी आपल्याच वाड्याभोवती एक चक्कर मारावी, कारण पाहणीला येणारा इंजिनिअर भिंत बघतो, आणि भिंत सामाईक असते.

एखाद्या वर्षी अकरांपैकी एक वारस उगवतो. बहुधा दिवाळीत, सगळे वाळल्यावर. त्याला खुर्ची द्यावी, फराळाची बशी द्यावी, मग हळूच भिंतीवरचे डाग दाखवावेत. तो चष्मा पुसून डाग नीट न्याहाळेल आणि म्हणेल, “तरीच! आमच्याकडे ओल येते ती इथून होय?”