येऊरचा डोंगर आणि आमचे साडू

घोडबंदर रोडवर फ्लॅट घेताना डोंगराचे पैसे वेगळे पडतात. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हिरवागार डोंगर, दुसऱ्यावर धुकं, तिसऱ्यावर त्या धुक्याकडे कॉफीचे मग घेऊन बघत बसलेलं जोडपं, आणि फ्लॅटचा नकाशा कुठेतरी शेवटाकडे बारीक रेघांत. आमच्या साडूंनी, म्हणजे नानांनी, असाच एक डोंगर फ्लॅटसकट घेतला. गॅलरीत उभं राहिलं की समोर थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी गॅलरीत नेलं जायचं, देव नंतर.

पुढे समोरच्या मोकळ्या प्लॉटवर दुसरं कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि नानांच्या वाट्याला दोन टॉवरांमधली डोंगराची एक फट उरली. त्या कॉम्प्लेक्सच्या नावातही 'हिल व्ह्यू' आहे. त्यांच्यापुरतं ते खरंच आहे, त्यांना दिसतो. नानांनी भांडण, तक्रार, अर्ज सगळं करून पाहिलं, आणि निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला. गेलेला डोंगर फोटोत तरी परत मिळवायचा, अशी त्यामागची भूमिका होती. या भूमिकेला एक ट्रायपॉड लागतो आणि ट्रायपॉडला एक माणूस. बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्यात मी डोंबिवलीत राहतो, म्हणजे पहाटे उठण्याची मला सवय असणार हे ठाणेकरांनी गृहीतच धरलेलं असतं.

"उद्या पहाटे ठाणे स्टेशनला या," नाना फोनवर म्हणाले. "गोल्डन आवर चुकता कामा नये."

सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा जो तासभर प्रकाश तिरपा आणि पिवळसर असतो, त्याला फोटोवाले गोल्डन आवर म्हणतात. आम्हा डोंबिवलीकरांची त्याच्याशी जुनी ओळख आहे. रोज तो फलाटावरच भेटतो, फक्त तेव्हा आमचं लक्ष इंडिकेटरकडे असतं.

इतक्या पहाटे लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली, खिडकीही दिसत होती. कोपर, दिवा गेलं आणि मुंब्र्याजवळ गाडी डोंगराच्या पायथ्याला लागली. एका बाजूला पारसिकचा काळा कडा, वर मुंब्रादेवीचा दिवा, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिच्यावर तरंगणारं धुकं. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आली आणि १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला पोचली. त्याच १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात तिथे फोटो काढणाऱ्यांपैकी एक होते. इतकी जुनी सोबत असूनही दिवा ते कळवा या पट्ट्याचे फोटो फारसे निघालेले दिसत नाहीत. कारण उघड आहे. इथून रोज जाणाऱ्या लाखो लोकांपैकी कोपर वर करता येईल असा माणूस सापडणं कठीण. माझं मत विचाराल तर त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं लँडस्केप मी मुंब्र्याला पाहिलं. तेव्हा नाना ठाण्याला ट्रायपॉडची पिशवी घेऊन माझी वाट बघत होते.

पिशवी माझ्या खांद्यावर आली आणि आम्ही येऊरची बस धरली.

इथे थोडं उद्यानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर ठाणेकर रागावतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल जगाला 'बोरिवली नॅशनल पार्क' म्हणून माहीत आहे. कान्हेरीची लेणी तिकडून, सफारी तिकडून. पण निम्म्याहून अधिक जंगल ठाणे जिल्ह्यात आहे, आणि येऊर हे त्याचं ठाण्याकडचं दार. आता डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली असा जोडबोगदा खणतायत, पावणेबारा-बारा किलोमीटरचा. तो झाला की उद्यानाच्या या टोकापासून त्या टोकाला उद्यान अजिबात न बघता जाता येईल. नानांना ही सोय पसंत नाही. बोगद्यात लँडस्केप नसतं.

उपवन तलाव मागे टाकून बस वर चढू लागली. नाक्यावर उतरलो तर पहारेकऱ्याने पिशवीकडे बोट केलं.

"बाटल्या आहेत का आत?"

नाना दुखावले. "लेन्स आहेत," ते म्हणाले.

"एवढ्या?" पहारेकऱ्याने एकेक उघडून बघितली आणि पुन्हा ठेवली. त्याचा प्रश्न गैर नव्हता. येऊरला रात्री वर जाणाऱ्या पिशव्यांमधून काय जातं हे सगळ्या ठाण्याला माहीत आहे. उद्यानाभोवतीचा पट्टा २०१६ मध्ये संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, पण ढाब्यांवरची गाणी आणि टर्फवरचे दिवे त्या कागदाकडे फारसं लक्ष देत नाहीत. थोडं पुढे हवाई दलाचा तळ आहे आणि छायाचित्रणाला सक्त मनाई असल्याची पाटीही. इतक्या पहाटे, इतक्या तयारीने आलेल्या माणसाला डोंगरावर पहिला मजकूर वाचायला मिळतो तो हा. नानांनी कॅमेऱ्यावर रुमाल टाकला आणि तळ मागे पडेपर्यंत दोघेही खाली बघून चाललो.

नानांनी जागा आधी हेरून ठेवली होती. रस्त्यालगतचा एक उंचवटा, खाली झाडी, समोर उतार. "इथे आजवर कुणी उभं राहिलेलं नसेल," ते म्हणाले. मी ट्रायपॉड उघडला. जमिनीत तीन भोकं आधीच पडलेली होती. पाय बरोबर त्यांत बसले.

मग सुरू झाला अभ्यास. नानांचं दैवत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे काळे-पांढरे फोटो काढून हा माणूस अमर झाला. १० एप्रिल १९२७ रोजी, वय पंचवीस असताना, तो बर्फातून 'हाफ डोम' नावाच्या कड्यासमोर चढून गेला. बरोबर होणारी बायको, मित्र, पाठीवर अवजड कॅमेरा आणि बारा काचेच्या प्लेटा. कड्यासमोर पोचेपर्यंत प्लेटा उरल्या दोन. एक त्याने पिवळा फिल्टर लावून खर्च केली, मग त्याला वाटलं की आकाश फिकं येणार. शेवटच्या प्लेटला त्याने लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं आलं, कडा अंगावर आला आणि फोटो इतिहासात गेला. पुढे त्याने 'झोन सिस्टीम' नावाची पद्धत बसवली. ठार काळ्यापासून लख्ख पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या अकरा पायऱ्या, आणि समोरची कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची हे बटण दाबण्याआधी ठरवायचं.

हे सगळं नानांनी मला त्या उंचवट्यावर सांगितलं. मला मात्र त्या मित्रांबद्दल आपुलकी वाटत राहिली. त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, आणि पिशव्या कुणाच्या खांद्यावर होत्या हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. अ‍ॅडम्सकडे दोन प्लेटा होत्या, नानांच्या कार्डावर हजारो फोटो मावतात. त्यामुळे त्याला विचार करावा लागला. नानांना लागत नाही.

झोनांचं म्हणाल तर नानांनी आकाश, डोंगर, झाडी आणि ठाणे शहर यांच्यावर मीटर धरून पाहिला. सगळं एकाच पायरीवर होतं, मधल्या, करड्या.

"उंचीचा प्रश्न नाही का येत?" मी विचारलं. हाफ डोम सुमारे २७०० मीटर. आपलं उद्यान पाचशेच्या आत संपतं.

"वाइड लावला की उंचीबिंची काही राहत नाही," नाना म्हणाले.

ते खरंच निघालं. वाइड अँगल लेन्समध्ये लांबच्या वस्तू आणखी लहान होतात. येऊरच्या रांगेचं कंपाउंड वॉल झालं आणि त्यावर अफाट करडं आकाश. मग नानांनी टेलिफोटो चढवली. ती लांबचं जवळ ओढते, डोंगर जवळ आला. पण तिला भेदभाव कळत नाही. तिने त्याबरोबर टॉवर, टॉवरवरच्या क्रेन आणि कुठल्याशा गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीही ओढून आणल्या. चादरीची नक्षी स्पष्ट होती. लेन्स चांगली आहे.

तेवढ्यात सूर्य आला. नानांच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपने सांगितल्याप्रमाणे खाडीपलीकडून, पारसिकच्या रांगेमागून, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या बाजूने. आम्ही दोघे एकाच ठिकाणाहून निघालो होतो. फक्त त्याला दिव्याला दाराशी कुणी ढकललेलं नव्हतं. आकाश दोन दिवसांपूर्वीच्या पावसाने धुतलेलं असतं तर मागे मलंगगडाचे सुळकेही दिसले असते. ते नाना दर वेळी दाखवतात आणि मी दर वेळी दिसले म्हणतो.

"आता हलू नका," नाना म्हणाले.

मी हललो नाही, पण ठाणे हललं. उपवनपासून चालत आलेले मॉर्निंग वॉकवाले वर पोचले. त्यांच्यातला एक गृहस्थ नेमका फ्रेममध्ये थांबून कंबर फिरवू लागला. त्याच्या खिशातल्या स्पीकरवर किशोरकुमार होता. तो गेला तर घट्ट कपड्यांतले सायकलवाले आले, आणि ते गेले तर प्री-वेडिंगची मंडळी. नवरी गाऊनमध्ये, नवरा ब्लेझरमध्ये, मागे एक मुलगा रंगीत धूर सोडणारा डबा घेऊन. त्यांच्या फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं, मान तिरकी केली आणि नानांना हाक मारली.

"काका, जरा बाजूला होता का? नॅचरल बॅकग्राउंड पाहिजे."

नानांच्या चेहऱ्यावर आला तितका काळोख मी झोन सिस्टीममध्येही ऐकला नव्हता.

धूर विरल्यावर एक पाड्यावरची मावशी टोपली घेऊन खाली निघालेली दिसली. नानांना एकदम फोरग्राउंड सापडलं. लँडस्केपमध्ये जवळ काहीतरी लागतं, नाहीतर नजर ठरत नाही म्हणे.

"मावशी, जरा थांबता का तिथे? इकडे नका बघू, तिकडे, सूर्याकडे."

मावशीला हे सगळं पाठ होतं. तिने टोपली कमरेवर घेतली, हनुवटी वर केली आणि सूर्याकडे बघितलं. "लवकर काढा, बस जाईल," ती म्हणाली. "परवा दोघे आलेले, ते पण इथेच उभे होते. फोटो कोण दाखवत नाही परत."

टोपलीत कर्टोली होती, ठाण्याच्या बाजाराला चाललेली. मी अर्धा किलो तिथेच घेतली. नाना म्हणाले, फोरग्राउंड कमी करू नका.

खाली उतरताना मी त्यांना नयन खानोलकरांच्या फोटोची आठवण करून दिली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २०१६ मध्ये शहरी विभागाचं पारितोषिक त्याला मिळालं. उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत वारली वस्तीच्या अरुंद बोळातून रात्री निघालेला बिबट्या. भिंती आहेत, दिव्याचा उजेड आहे, माणसांचा शेजार आहे. बोळातल्या नेहमीच्या दिव्यांसारखा उजेड पडावा अशा बेताने त्यांनी फ्लॅश लावले आणि हवा तो फोटो मिळायला चार महिने लागले. शहर फ्रेमच्या बाहेर ढकलायची काही धडपड नाही. उलट बिबट्याने सगळी फ्रेम व्यापू नये अशीच त्यांनी कॅमेऱ्याची जागा ठरवली होती.

"ते वाइल्डलाइफ," नाना म्हणाले. "आपलं लँडस्केप."

पुढच्या काही संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटरवर बसून त्या सकाळचा एक फोटो साफ केला. आधी विजेच्या तारा गेल्या, मग क्रेन, मग पाण्याची टाकी, कंबर फिरवणारे गृहस्थ, आणि शेवटी एकेक करून टॉवर. त्यात त्यांचा स्वतःचाही गेला. उरला नुसता डोंगर, वर लाल फिल्टरने आणलेलं काळं आकाश. फोटो घरच्या ग्रुपवर पडला. नानांच्या थोरल्या बहिणीने विचारलं, माथेरानला कधी गेलात. भाचीने लिहिलं, "नाना, मस्त! एआयने केलंत का?"

माझ्या मते त्या सकाळचा चांगला फोटो दुसराच होता. मावशी बस बघायला वळली तेव्हा चुकून निघालेला. टोपलीतली कर्टोली, मागे प्री-वेडिंगचा उरलेला गुलाबी धूर, त्यामागे क्रेन, चादरी, आणि या सगळ्याच्या वर मान काढून उभा असलेला डोंगर. ठाण्यातल्या शेंबड्या पोरानेही येऊर म्हणून ओळखला असता. नानांनी तो कार्डावरून पुसून टाकला. मावशीलाही दाखवायचा राहिला.

तुम्ही जाणार असाल तर ठाणे स्टेशनहून येऊरला टीएमटीची बस आहे. रस्ता सोडून आत शिरू नका, फोरग्राउंडसाठी फांद्या मोडू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. कर्टोली मिळाली तर घासाघीस न करता घ्या, आणि मावशीचा फोटो काढलात तर छापून नेऊन द्या. ट्रायपॉडसाठी भोकं तयार आहेत. डोंबिवलीहून निघत असाल तर मुंब्रा येईपर्यंत जागे राहा, आणि ठाण्यातल्या साडूंना आधी फोन करू नका.